वायफाय गायब? कार्ड बदलायच्या आधी हे बघा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं. त्यामुळे पुसदमध्ये इंजिनिअरिंग करणाऱ्या पोरांकडे सीनियरचा जुना लॅपटॉप असेल, तर उबुंटू टाकणं हा स्वस्तातला मार्ग. इन्स्टॉल मस्त होतं, पण वायफायचं चिन्हच दिसत नाही!

लगेच दुकानात पळू नका. कार्ड ब्रॉडकॉमचं असेल तर भांडण बहुतेक ड्रायव्हरचं असतं. बी४३, बीसीएमए आणि कंपनीचा स्वतःचा डब्ल्यूएल, असे दावेदार अनेक. कार्ड मात्र एका वेळी एकाच्याच ताब्यात. बीसीएमएने एसटीत रुमाल टाकावा तशी जागा धरली, की डब्ल्यूएल उभाच. आणि बीसीएम४३१४२ सारख्या कार्डाला तर डब्ल्यूएलच लागतो.

टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय, स्पेस, -एनएनके टाइप करा (अर्थात इंग्रजी अक्षरांत, सगळी लहान). ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ पुढे कोण बसलंय ते कळेल.

आता नेटशिवाय ड्रायव्हर कसा उतरवायचा? अँड्रॉइड फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला फोनच नेटवर्क कार्ड वाटतो. मग ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ मधून ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर निवडा. बाकीच्यांना तो स्वतःच ब्लॅकलिस्ट करतो. रीस्टार्ट करा. सिक्युअर बूट चालू असेल तर पासवर्ड ठेवायला सांगेल, तो रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर द्यावा लागतो. घाईत ती स्क्रीन सोडली, तर वायफाय पुन्हा गायबच.