खाडा आणि लेकरू

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहार बाया-लेकरांनी भरलेलं असतं. दिवाळी सरली की त्याच विहारात म्हातारी माणसं तेवढी उरतात. पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी, धारूर, केज, सगळीकडून ट्रक-ट्रॅक्टर भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. परततात मार्च-एप्रिलमध्ये, कधी जयंतीच्या आधी, कधी जयंती हुकवून.

शहरात अलीकडे ‘घरून काम’ या विषयावर पुष्कळ बोललं जातं. मांडीवर लेकरू, समोर लॅपटॉप, गॅसवर कुकर. त्यांचे हाल खोटे नाहीत, आमच्याच नात्यातल्या पुण्याला नोकरी करणाऱ्या मुली फोनवर रडतात. पण घर आणि काम एकाच जागी सांभाळणं आमच्या बायांना नवं नाही. कोपी कारखान्याच्या तळावर नाहीतर फडाच्या शेजारी, चूल कोपीच्या तोंडाशी, लेकरू बांधावर. पुण्याच्या मुलीला निदान रविवार आहे. ऊसतोडीच्या बाईला रविवार नाही, आणि ती एक दिवस घरी राहिली तर त्याला सुट्टी म्हणत नाहीत, खाडा म्हणतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची ती दोघांच्या अंगमेहनतीवर. बाई एक दिवस पडून राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडतेच, वर दंड बसतो, पाचशे, कुठे हजार, आणि तो उचलीत चढतो. पाळीत पोट दुखलं, खाडा. लेकराला ताप आला, खाडा. बाळंत झाली तरी किती दिवस निजायचं याचा हिशेब खाड्यातच.

आम्ही काही जणी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं दवाखान्यात राबलो, मग हे काम हाती घेतलं. तळावर गेलो की पहिल्यांदा दिसतं ते पाचटावर पटकूर टाकून निजवलेलं तान्हं. राखणीला सात-आठ वर्षांची बहीण. दिवाळीच्या सुट्टीत तिची शाळा सुटली ती सुटलीच. आई पहाटे चारला उठून पाणी भरते, भाकरी थापते, उजाडायच्या आत फडात. तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर नेऊन गाडी भरायची. गाडी रात्री अकराला आली तरी भरायची. तान्ह्याला दूध मिळतं ते दोन मोळ्यांच्या मधे, आईच्या हाताला पाचटाची कूस लागलेली असताना. धुवायला पाणी कुठलं? मग जुलाब, मग वजन घटतं. आई पाणी कमी पिते, कारण आडोसा नाही. त्यानं लघवीची जळजळ सुरू होते आणि ती अंगावर काढली जाते.

२०१९ साली बीड जिल्हा देशभर गाजला तो यातूनच. ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या निघाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. खासगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायची अट आली. डॉक्टर लोभी आणि बाया अडाणी, असं बोलून लोक मोकळे झाले. लोभ होता, नाकारत नाही. पण अडाणी? त्या बाईनं साधा हिशेब केला होता: पिशवी गेली की पाळी नाही, पाळी नाही की खाडा नाही. परवानगीची अट दवाखान्याच्या कागदावर आली, खाडा फडात तसाच राहिला.

भगिनींनो, हे मात्र नीट ऐका. अंगावरून पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं हे बहुतेक वेळा संसर्गाचं असतं, ते गोळ्यांनी बरं होतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर तिशीतच पाळी जायच्या वयाची दुखणी लागतात. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होतात. मोळी तर तेव्हाही उचलावीच लागते. ‘कॅन्सर होईल’ म्हणून कुणी घाई केली तर सही करू नका. आधी सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

कायदे नाहीत असं नाही. बाळंतपणाच्या रजेसाठी बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं यात देशाचं हित आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार बाईला २६ आठवडे रजा दिली, रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करायची सोय दिली, ५० माणसांच्या आस्थापनेत पाळणाघर सांगितलं. कारखान्यात तीसहून जास्त बाया असतील तर पाळणाघर हवं, हे तर १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं. पण ऊसतोडीची बाई कारखान्याच्या फाटकाबाहेरची. ऊस आत जातो, तिचं नाव आत जात नाही. कारखान्याला विचारलं तर तो मुकादमाकडे बोट दाखवतो.

गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं. संत भगवानबाबा योजनेत मुलामुलींची वसतिगृहं निघाली. थोरल्यांसाठी ती हवीतच. पण अंगावर पिणाऱ्या लेकराला वसतिगृहात कसं ठेवणार? त्याला तळावरच पाळणा हवा. आमचं मागणं फार मोठं नाही. टोळीतलीच एखादी पोक्त बाई लेकरं राखायला नेमा आणि तिला अर्ध्या कोयत्याची मजुरी त्या टनामागच्या पैशातून द्या. गरोदर बाई, तान्ह्याची आई आणि आजारी लेकराची आई यांचा खाडा लावायचा नाही, हे कराराच्या कागदावर लिहून घ्या.

आता थोडं आपल्या घरातलं. फडातून दोघं सारखेच दमून येतात. तो कोपीपुढे टेकतो, ती चुलीपुढे बसते. बाबासाहेबांचा फोटो कितीतरी कोप्यांत असतो, आम्ही पाहिलाय. त्या फोटोखाली भाकरी थापणारा बाप्या आम्हाला एकदाच दिसला, आणि टोळी त्याला हसत होती. हा खाडा काही मुकादम लावत नाही.

यंदा निघण्याआधी लेकराचं लसीकरणाचं कार्ड, ओआरएसची पाकिटं आणि साबण गाठोड्यात घाला. अंगणवाडीताईंना सांगून स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे तिकडच्या अंगणवाडीत पोषण आहार मागता येईल. एप्रिलमध्ये जन्मलेल्या लेकराची नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस जानेवारीत येते, ऐन हंगामात. ती तळाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, गाव कुठलंही असो. जायला-यायला अर्धा दिवस मोडतो. त्या अर्ध्या दिवसाचा खाडा धरणार नाही, हे टोळी हलायच्या आत मुकादमाकडून चार माणसांसमोर वदवून घ्या.