जिंकणाऱ्याचा पराभव

पत्त्यांचा खेळ हा प्रतिष्ठित व्यवसाय होऊ शकतो, असे तरुणांना सांगणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. पोकर हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ होय, हा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु या कौशल्याचा मेरुमणी मानल्या गेलेल्या स्टू उंगर या अमेरिकन खेळाडूचे चरित्र त्यांनी एकवार डोळ्यांखालून घालावे.

१९५३ साली न्यूयॉर्क येथे जन्मलेल्या उंगरची स्मरणशक्ती असामान्य होती. जिन रमीमध्ये त्याचा इतका दरारा निर्माण झाला की त्याच्यासमोर बसायला प्रतिस्पर्धी मिळेनात. तेव्हा तो पोकरकडे वळला. लास वेगास येथील पोकरची जागतिक स्पर्धा त्याने १९८० व १९८१ अशी लागोपाठ जिंकली. लोकांनी त्याची आशा सोडल्यावर, १९९७ साली ती तिसऱ्यांदा जिंकून त्याने दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळविले. पुढल्याच वर्षी, २२ नोव्हेंबर १९९८ रोजी, त्याच शहरातील एका स्वस्त मोटेलात त्याचा मृतदेह आढळला. वय ४५, जवळ सुमारे आठशे डॉलर. अंत्यविधीसाठी मित्रांना वर्गणी काढावी लागली.

हे द्रव्य गेले कुठे? १९९७ चे दहा हजार डॉलरचे प्रवेशमूल्य दुसऱ्याने भरले होते. निम्मे पारितोषिक त्याच्याकडे गेले. बाकीचे शर्यती, सामन्यांवरील पैजा आणि कोकेन यांनी गिळले. पत्ते ओळखण्याचे कौशल्य निराळे आणि पटावरून उठण्याची वेळ ओळखण्याचे शहाणपण निराळे. धर्मराज द्यूतात अनभिज्ञ होता म्हणून हरला असे म्हणता येईल. उंगर तर शकुनीइतका तरबेज होता. तरी तोही सर्वस्व गमावून बसला.

आपल्याकडे मात्र वाद कौशल्य की नशीब याच प्रश्नाभोवती घुटमळत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यत्वे कौशल्याचा खेळ ठरविला आणि पोकरचे पुरस्कर्ते त्याच निकालाचा आधार घेत आले. संसदेने २०२५ साली संमत केलेल्या कायद्याने हा भेदच बाजूस सारून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाइन खेळांना मनाई केली. खेळ कोणता, यापेक्षा खेळणाऱ्याचे काय होते हे पाहण्याची ही दृष्टी योग्यच होय.

मग मांडवीच्या पात्रातील कॅसिनोंना वेगळा न्याय का? १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ पासून दुरुस्त्या करून गोव्यात त्यांना वाट मोकळी करून देण्यात आली. २०२० साली सरकारने गोमंतकीयांना तेथे खेळण्यास बंदी केली. म्हणजे अपाय सरकारलाही मान्य आहे. जे विष आपल्या मुलांना चालत नाही, ते पाहुण्यांच्या पानात वाढणे कोणत्या आतिथ्यधर्मात बसते? महसूल हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.