आधी गंज, मग गादी

गेल्या संक्रांतीला इथल्या मंडळाच्या कार्यक्रमात तिळगूळ हातावर ठेवता ठेवता एक काका म्हणाले, "डॉक्टरेट झालीस ना गं तू? मग हातात पाना कशाला? पैसे टाकून करून घ्यायचं." माझ्या नखांत ग्रीस होतं. तेव्हा नुसती हसले. आज उत्तर देते, कारण हे वाक्य तुम्हीही कधीतरी बोलला असाल. मीही बोलले आहे.

मी आणि नवरा उत्तर इंग्लंडमध्ये राहतो. दोघांच्याही नोकऱ्या मुदतीच्या. नऊ वर्षं जुनी डिझेल व्हॅन घेतली, तिचं फिरतं घर करायचं म्हणून. इन्सुलेशन, प्लायवूडच्या भिंती, पलंग, छोटा ओटा यांत चार महिन्यांचे शनिवार-रविवार गेले. मग एमओटी, म्हणजे इथली वार्षिक तपासणी आली आणि गाडी नापास झाली. मागच्या चाकाच्या कमानीत, सस्पेन्शन जोडलेलं असतं त्याच्या जवळच, पत्रा गंजून भोक पडलं होतं. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते असं पत्रा खातं. आता वेल्डिंग हवं. पण पत्र्याच्या आतल्या बाजूला इन्सुलेशन आणि लाकूड चिकटवलेलं असताना कोणताही शहाणा वेल्डर तिथे ठिणगी पाडत नाही, आग लागेल. आम्ही आमच्याच हातांनी ते घर उचकटलं.

खरी लाज पुढे आहे. ब्रिटनमध्ये गाडीचा नंबर टाकला की तिच्या एमओटीचा इतिहास सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. आमच्या व्हॅनच्या नोंदीत सलग दोन वर्षं त्याच जागी गंज असल्याची सूचना होती. मी संशोधक. एका परिच्छेदासाठी चाळीस शोधनिबंध चाळते. या दोन ओळी मात्र वाचल्या नाहीत. का? माझ्या लेखी ते ज्ञान नव्हतंच, गॅरेजवाल्याचं टिपण होतं.

काकांचं वाक्य आणि माझी चूक एकाच मुळातून आली आहेत. जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी आहे, असं डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये मांडलं. समुद्र ओलांडला म्हणून ती विभागणी आपल्या डोक्यातून गेली असं समजू नका. इथे प्लंबर आला की आपण त्याला चहा विचारतो. पुण्यात उतरलो की त्याच कामाच्या माणसाला "ए, इकडे ये" म्हणतो. मंडळाच्या भाषणांत लक्ष्मणराव किर्लोस्करांचा अभिमान सांगतो, पण त्यांची सुरुवात बेळगावच्या सायकलींच्या दुकानातून झाली, हे आपल्या मुलांना मोठेपणा म्हणून सांगतो का?

तुम्ही म्हणाल, सगळ्यांनी मेकॅनिक व्हायचं की काय? नाही. गॅसची जोडणी आणि ब्रेक मी स्वतः करत नाही. तिथे चूक झाली तर जीव जातो. ते काम जाणकाराचंच. पण पैसे टाकणं वेगळं आणि त्याचं ऐकणं वेगळं. ऐकायचं तर काय विचारायचं तेवढं तरी कळायला हवं.

म्हणून व्हॅन घेण्याचा विचार असेल तर हे करा. आधी एमओटीचा इतिहास शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. गाडी रॅम्पवर चढवून मेकॅनिकला खालून दाखवा आणि त्याच्या वेळेचे पैसे घासाघीस न करता द्या. इंजिनाचा टायमिंग बेल्ट तेलात फिरणारा आहे का, आणि कधी बदलला, ते विचारा. असा बेल्ट झिजला की त्याचे कण तेलाची जाळी बुजवतात आणि इंजिनला तेल पोचत नाही. डिझेल गाडी फक्त कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेऊ नका, काजळीचा फिल्टर तुंबतो. अधूनमधून तिला हमरस्त्यावर पळवा. हे सगळं झालं की मगच पहिली फळी कापा.

आमच्या व्हॅनला नवा पत्रा लागला. वेल्डरने मला त्याच्याजवळ उभं करून सांधा कसा तपासायचा ते दाखवलं. माझ्या मार्गदर्शकांइतकाच तोही माझा शिक्षक आहे. काका, पुढच्या संक्रांतीला नखांत ग्रीस असेल तरी तिळगूळ द्या. आणि पाना हातात कशाला, हे मला नको, स्वतःला विचारा.