जिमखान्याची शर्यत आणि आपले महाजन

गावच्या जिमखान्यावर मोटारींच्या शर्यती भरल्या की आपल्या सुबुद्ध मंडळींचा आक्षेप ठरलेला असतो: हे परकीय वेड आहे, पोरांना वेगाची चटक लागेल, देवस्थानच्या महाजनांनी अशा कामी मैदान देऊ नये. यंदाही तो ऐकू आला. आम्ही त्या मैदानाच्या कडेला उन्हात दोन प्रहर उभे होतो. आक्षेपकांपैकी किती जणांनी तेवढी तसदी घेतली होती, याची आम्हांस शंकाच आहे.

परकीयपणाचे आधी पाहू. 'जिमखाना' हा शब्द विलायतेहून आलेला नव्हे, येथून तिकडे गेलेला आहे. १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाच्या मते तो मुंबई इलाख्यातच, बहुधा 'गेंदखाना' या शब्दावरून घडला. मुंबईस १८९४ मध्ये हिंदू जिमखाना निघाला तेव्हा क्रिकेटदेखील परकेच होते. आणि वेगाचे म्हणाल तर वनपर्वातील नलाचे आख्यान आपण भक्तिभावाने ऐकतोच की! बाहुक झालेला नल ऋतुपर्णाचा रथ एका दिवसात अयोध्येहून विदर्भास नेतो. राजाचे उत्तरीय वाटेत गळून पडते, आणि 'थांब' म्हणेपर्यंत ते योजनभर मागे राहिलेले असते. तेथे वाखाणला आहे तो सारथी.

मैदानावर आम्ही पाहिले तेही सारथ्यच. एका वेळी एकच मोटार सुटते. शंकू मांडून वाट आखलेली; त्यांच्यामधून नागमोडी जावयाचे, आठाचा आकडा काढावयाचा, आखलेल्या चौकटीत अचूक थांबावयाचे. शंकूला नुसता धक्का लागला तरी वेळेत दंडाचे सेकंद मिळवले जातात. बहुतेक वाट पहिल्या-दुसऱ्या गिअरातच संपते. एका दिमाखदार मोटारीने गर्जना करीत चार शंकू लोळवले, आणि रंग उडालेल्या एका जुन्या मारुतीने एकही न शिवता तिला मागे टाकले. प्रेक्षकांतील पोरांनी टाळ्या वाजवल्या त्या मारुतीला. वेगाची चटक म्हणतात ती हीच काय?

आमचा व्यवसाय वकिलीचा, म्हणून कायद्याचेही सांगतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९ वे कलम राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत लावणारास दंडनीय ठरवते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अपराधास ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कायद्याचा रोख रीतसर परवानगीने, बंदिस्त मैदानावर होणाऱ्या शर्यतीवर नाही. रस्त्यावर चोरून लागणाऱ्या शर्यतीवर आहे. ती पाहावयास तिकीट लागत नाही. माघातल्या जत्रांच्या रात्री मंगेशी-म्हार्दोळच्या रस्त्याकडेला घटकाभर उभे राहावे.

येथेच आमचा महाजनांशी खरा वाद आहे. जे गृहस्थ मैदान नाकारतात, तेच दसऱ्याला चिरंजिवांच्या नव्या मोटारसायकलीला झेंडूची माळ घालतात, चाकाखाली लिंबू चिरडवतात, भटजींना दक्षिणा देतात, आणि पोर शिरस्त्राणावाचून फाटकाबाहेर पडला तरी त्याला हटकीत नाहीत. पूजेस आमची ना नाही. परंतु ब्रेक कोठवर पुरतो, ओल्या रस्त्यावर चाक कसे घसरते, हे लिंबू शिकवीत नाही. पोराला ते कोठे तरी शिकावेच लागते. मैदानावर चूक झाली तर शंकू पडतो. रस्त्यावर पडते ते माणूस.

मैदान देताना अटी अवश्य घालाव्यात. देवळाच्या घंटानादावर कुरघोडी करणारे भोंगे नकोत, जत्रेचा व पालखीचा दिवस सोडावा, प्रेक्षक दोरखंडापलीकडे राहावेत, रुग्णवाहिका व डॉक्टर हजर असावेत, दिवेलागणीपूर्वी मैदान झाडून परत करावे. यांतील एकही अट मोडली तर पुढल्या वर्षी मैदान नाकारण्याचा ठराव आम्ही स्वतः लिहून देऊ, आणि त्याची फी मागणार नाही.