एलसॅटचा ‘बिनगुणांचा’ सेक्शन: तुमची ३५ मिनिटं नक्की कशासाठी?

ॲपमधलं नवं फीचर कंपन्या सगळ्यांना एकदम देत नाहीत. आधी थोड्या युजर्सच्या फोनवर ते चालू करतात, लोक ते कसं वापरतात ते बघतात आणि मग बाकीच्यांना देतात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे आमच्याकडे हे रोजचंच. पण तुमच्या परीक्षेच्या पेपरमध्येच अशी चाचणी चालली तर?

अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेशासाठी होणाऱ्या एलसॅटमध्ये तसं होतं. ऑगस्ट २०२४ पासून या परीक्षेत प्रत्येकी ३५ मिनिटांचे चार सेक्शन असतात. दोन लॉजिकल रिझनिंगचे, एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा आणि या दोन प्रकारांपैकी एकाचा एक जास्तीचा. हा जास्तीचा सेक्शन १२० ते १८० च्या स्कोअरमध्ये धरत नाहीत. तो कितवा येईल हेही आधी सांगत नाहीत.

मग तो असतो कशाला?

पुढच्या परीक्षांचे प्रश्न तपासायला. किती जणांना प्रश्न सुटला? बाकी पेपर उत्तम सोडवणारेच इथे चुकतायत का? तसं असेल तर गडबड बहुधा प्रश्नातच आहे. शिवाय दरवेळी पेपर वेगळा असतो, तरी जूनमधले १६० आणि ऑक्टोबरमधले १६० सारखेच ठरायला हवेत. त्यासाठी प्रत्येक प्रश्न किती अवघड आहे हे आधीच माहीत असावं लागतं.

ओळखता येतो का?

नाही. समजा, पहिले दोन्ही सेक्शन रीडिंगचे आले. आता त्यातला एक बिनगुणांचा आहे आणि उरलेले दोन मोजले जाणार, एवढं नक्की कळतं. पण त्या दोघांतला कुठला, ते कळत नाही. लॉजिकल रिझनिंगचे तीन आले तरी तेच, फक्त संशयित तीन. ‘हा फार विचित्र वाटतोय, म्हणजे हाच तो’ असं समजून सैल सोडलात आणि तो मोजला जाणारा निघाला, तर स्कोअर गेला.

एक घोळ मात्र टाळा. एलसॅटचा लेखी निबंध वेगळा घेतात. त्यालाही गुण नसतात, पण तो कॉलेजांकडे पाठवला जातो. तिथे बिनगुणांचं म्हणजे बिनकामाचं नाही.

हे योग्य आहे का?

१४० मिनिटांतली ३५, म्हणजे पाव परीक्षा दुसऱ्यांसाठी द्यायची, तीही स्वतःची फी भरून. तक्रार रास्त आहे. आपल्याकडची अनेक इंजिनिअरिंगची मुलं देतात त्या जीआरईने सप्टेंबर २०२३ मध्ये परीक्षा छोटी करताना असा सेक्शन काढून टाकला. डिजिटल एसएटीमध्ये प्रत्येक मॉड्यूलमध्ये फक्त दोन चाचणी प्रश्न मिसळलेले असतात. म्हणजे भार कमी करता येतो.

पण दुसरी बाजूही बघा. आपल्या क्लॅट २०२५ मध्ये परीक्षा झाल्यावर उत्तरांवरून वाद झाला. डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने दोन प्रश्नांची उत्तरं चुकीची ठरवली. प्रकरण पुढे लांबलं आणि एप्रिल २०२५ मध्ये निकाल सुधारायचा आदेश आला. तोवर मुलं प्रवेशासाठी ताटकळली. असे प्रश्न आधी हजारो जणांनी सोडवलेले असते, तर इशारा वेळेत मिळायची शक्यता होती.

आमच्या भाषेत सांगायचं तर बग टेस्टिंगमध्ये सापडला तर थोडा वेळ जातो, ग्राहकाकडे सापडला तर भरवसा जातो. म्हणून मला चाचणी हवीच वाटते, पण पाव पेपर खाणारी नको.

नियम बदलेपर्यंत तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. सराव चार सेक्शनचाच करा, म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासात दमछाक होणार नाही. आणि चुकीच्या उत्तराला एलसॅटमध्ये गुण कापत नाहीत, त्यामुळे कुठल्याच सेक्शनमध्ये एकही प्रश्न कोरा सोडू नका.