पायांनी वाचायचा नकाशा

नकाशावाचनाच्या लेखी परीक्षेत मला २५ पैकी २३ गुण मिळाले. समोच्च रेषा, म्हणजे आपले कंटूर, समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवरची ठिकाणे जोडतात. त्या दाट असल्या की चढ तीव्र, विरळ असल्या की सौम्य. हे मी घोकून लिहिले होते. पुढच्याच महिन्यात कॅम्पमध्ये मी सेक्शन कमांडर झालो आणि नेमके हेच विसरलो.

आमचा पुढचा पॉइंट नकाशावर दोन सेंटीमीटरवर होता. १:५०,००० या प्रमाणात तो एक किलोमीटर होतो. मी बेअरिंग घेतले आणि सेक्शनला सरळ नेले. मधल्या डोंगरसोंडेवर तपकिरी रेषा एकमेकींना चिकटून होत्या. एका बाजूला दहा, दुसऱ्या बाजूला दहा. दोन रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक, म्हणजे अर्ध्या किलोमीटरमध्ये २०० मीटर चढ आणि पुढे तेवढाच उतार. उतरताना आठवीतल्या एका ज्युनिअरचा पाय मुरगळला. दुसरा सेक्शन एकाच कंटूरच्या कडेने सोंडेला वळसा घालून गेला. ते दोन किलोमीटर चालले, तरी आमच्या आधी पोहोचून डबे उघडून बसले होते. उस्ताद एवढेच म्हणाले, "नक्शे ने तो बताया था, कैडेट."

म्हणून माझे मत असे आहे की नकाशावाचनाचे निम्मे गुण डोंगरावर द्यावेत. प्रत्येक सत्रात एक रविवार, अनोळखी डोंगर, हातात नकाशा आणि कंपास. कोणती वाट निवडली आणि का, यावर गुण.

मित्र म्हणतात, बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, रविवार एकच मिळतो, आणि फोन आहेच की! फोन आपण कुठे आहोत ते सांगतो, काही ॲपमध्ये कंटूरही दिसतात. पण या वाटेने आठवीतली मुले जाऊ शकतील का, हे कमांडरनेच ठरवायचे असते. शिवाय २० मीटरच्या दोन रेषांमध्ये १५ मीटरचा कडा लपू शकतो. तो जागेवर गेल्यावरच दिसतो.

या रेषांचा इतिहासही तेच सांगतो. १७७४ मध्ये स्कॉटलंडमधल्या शिहॅलियन डोंगराची मोजणी सुरू झाली. लोकांनी थंडीपावसात तिथे राहून उंची मोजली. ते आकडे हाती आल्यावरच गणितज्ञ चार्ल्स हटन यांनी सारख्या उंचीची ठिकाणे रेषांनी जोडली. आधी पाय चालले, मग पेन्सिल.

त्या ज्युनिअरची आठवडाभर पी.टी. बुडाली. मी त्याला सॉरी म्हटले आहे. पुढच्या बॅचच्या सेक्शन कमांडरवर ती वेळ येऊ नये, एवढेच माझे म्हणणे.