नंदीचं चाक आणि ट्रॅक्टरचा नट

पोळ्याच्या सकाळी धंतोलीतल्या आमच्या घरी एक मिस्त्री ओसरीवर मांडी घालून बसले होते. वय वर्षं सात. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणून आमचे नातू लाकडी नंदीची चारही चाकं हलवून पाहत होते. एक डुगडुगलं, तसा पक्कडीचा हुकूम सुटला. "आजोबा, चाक निघालं तर सगळे हसतील ना!"

मी चपापलो. काटोलकडच्या शेतावरच्या आमच्या ट्रॅक्टरच्या चाकांचे नट शेवटचे कधी आवळले, हे काही केल्या आठवेना. ड्रायव्हरला फोन लावला.

"नट घट्टच असतात, काकाजी. कंपनीनंच आवळून देल्ले."

ट्रॅक्टर अकरा वर्षांचा आहे!

माझं भांडण त्याच्याशी नाही. आपल्या सगळ्यांशी आहे, अन् पहिला आरोपी मीच. आमचे आजोबा आसाची खीळ पाहिल्याशिवाय गाडी जुंपत नसत. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळत. आणि आम्ही? दसऱ्याला ट्रॅक्टरला झेंडूची माळ, नारळ, नटाला कुंकूसुद्धा. पाना तेवढा नाही. बैल निदान लंगडून सांगतो. नट मुकाट्यानं सुटतो.

म्हणजे, अगदीच मुकाट्यानं नाही. नटाखालून गंजाचा ओघळ येतो, कडेला चकचकीत घासल्याची खूण दिसते. तरी पाहिलं नाही, तर चाकाचं भोक लांबट होतं, मग बोल्ट तुटतो. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यावर. पुढचं गणित सोपं आहे.

"कामाच्या दिवसांत वेळ कुठं असते?" असं कोणी म्हणेल. पाच-दहा मिनिटांचं काम आहे हो! खर्रा घोटायला याहून जास्त लागतात. चाक काढून बसवलं असेल, तर काही तास चालवून पुन्हा आवळायचं. एकामागून एक नव्हे, समोरासमोरचे नट धरून, म्हणजे चाक सरळ बसतं. मात्र पान्याला हातभर पाइप लावून त्यावर उड्या मारणारे पहिलवानही नकोत; त्यानं बोल्ट ताणला जातो. किती जोर लावायचा, ते पुस्तिकेत छापलेलं असतं. ती पुस्तिका बहुधा ट्रॅक्टरच्या कागदांसोबत कपाटात, साड्यांखाली, सुखरूप असते.

हसण्यावारी नेऊ नका. संध्याकाळी याच ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत निंदणाच्या बाया घरी परततात. नंदीचं चाक निघालं तर पोरं हसतात. हे निघालं तर कोणी हसत नाही.

त्याच दुपारी काटोलला गेलो. पाना लावला, तर मागच्या चाकाचे तीन नट अर्धा-अर्धा फेरा फिरले. ड्रायव्हर माझ्याकडे पाहत होता, मी जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी नातवाचा नंदी गल्लीभर मिरवला. चारही चाकं शाबूत!